भांगेचे रोप, तंबाखूचे नाव

रमजानचे दिवस होते. नववीच्या वर्गात उर्दूचा तास संपत आला होता आणि बोलणे सुट्ट्यांवर घसरले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या अब्बांचा दर्ग्याबाहेर फुलांचा गाडा आहे. तो म्हणाला, "सर, रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो, मग शेवंती का सरकत नाही?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न चांगला होता आणि मला त्याचे अर्धेच उत्तर ठाऊक होते. अर्धे उत्तर असे, की रमजान चंद्राचा महिना आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून आपले रोजे तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी मारून येतात. शेवंती मात्र सूर्याच्या हिशेबाने चालते. पण ती तो हिशेब कसा ठेवते? तिच्या घरी ना भिंतीवर कॅलेंडर, ना मशिदीतले वेळापत्रक. हे उरलेले अर्धे उत्तर शोधताना मी ज्या रोपापाशी पोहोचलो, त्याचे नाव वर्गात घ्यायला शिक्षक कचरतो. ते रोप भांगेचे.

आधी चंद्र-सूर्याचे भांडण निपटू. ते फार जुने आहे आणि आपल्या मुलखात त्याचा निकाल मोठा गमतीदार लागला. हिजरी सन इबादतीला उत्तम, पण शेतसारा वसूल करायला निरुपयोगी. एखाद्या वर्षी सारा भरण्याचा महिना सुगीनंतर येईल, तर दहा-पंधरा वर्षांनी तोच महिना पेरणीच्या आधी येईल. रयत देणार कुठून? म्हणून मुहम्मद तुघलकाच्या काळात, इ.स. १३४४ पासून, दख्खनमध्ये शुहूर सन धरला गेला. नाव अरबी, वर्षांचे आकडे अरबी शब्दांत, पण वर्ष सुरू कधी होणार? सूर्य मृग नक्षत्रात गेला की! म्हणूनच त्याला मृगसालही म्हणतात. पुढे मराठ्यांच्या दफ्तरांत हाच सन चालला. पानिपतच्या वर्षाचे कागद 'इहिदे सितैन मया व अलफ' असा सन घालतात, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ मिळवले की इ.स. १७६० चा मृग येतो. पेशव्यांचा कारकून अरबी आकडे लिहीत होता आणि त्यांची सुरुवात मृगाच्या पावसाने करत होता. आपण आजही 'खरीप' आणि 'रब्बी' म्हणतो. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. पीक ज्या ऋतूत घरात येते, त्याचे नाव त्याला मिळाले.

म्हणजे पीक सूर्याचे ऐकते हे सगळ्यांना ठाऊक होते, कारभाऱ्याला आणि कुणब्यालाही. सूर्याची नेमकी कोणती गोष्ट ऐकते, हे मात्र विसावे शतक उजाडेपर्यंत कुणाला उलगडले नव्हते. ऊब, पाऊस, जमिनीचा कस, असे अंदाज होते.

आता त्या रोपाकडे येतो. मराठीत कुलीन घरात वाईट माणूस निपजला की 'तुळशीत भांग उगवली' म्हणतात. आपल्या घरांत तर हे नाव निघाले की वडीलधारी माणसे विषय बदलतात. याच्या नशेबद्दल आपल्या फुकहांनी विपुल लिहिले आहे. चौदाव्या शतकात कैरोच्या जरकशींनी याच विषयावर स्वतंत्र रिसाला लिहिला. त्याआधी, तेराव्या शतकात, मलगाचे वनस्पतीतज्ज्ञ इब्न अल-बैतार यांनी इजिप्तच्या बागांत लावल्या जाणाऱ्या एका प्रकाराची नोंद केली आणि लोक त्याला 'हशीश' म्हणतात असे सांगितले. नशा हराम, याबद्दल मला काही वेगळे म्हणायचे नाही. पण अरबीत या रोपाला 'किन्नब' असाही शब्द आहे आणि तो दोरखंडाचा, शिडाच्या कापडाचा, जहाजांचा शब्द आहे. एकाच झाडाची ही दोन नावे, आणि आपण लक्षात ठेवले फक्त एक. त्यामुळे हे झाड आपल्या अभ्यासातूनच बाहेर गेले, असे मला वाटते. नशेशी वैर धरायचे ते धरावे, पण त्यासाठी झाडाशी अबोला कशाला?

इंग्रजांना असा संकोच नव्हता. त्यांना महसूल हवा होता. १८९३-९४ साली त्यांनी इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. कमिशनने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यात तेव्हा अहमदनगर जिल्ह्यातही परवान्याने गांजा पिकत असे. पण बंगालमधले नावाजलेले पीक राजशाही जिल्ह्यातल्या नवगाव भागातले. तो मुलूख आज बांगलादेशात आहे. राजशाहीत तेव्हाही बहुसंख्य वस्ती मुसलमानांची होती. त्या भागाला 'गांजा महाल'च म्हणत.

त्या शेतीचे वेळापत्रक वाचताना मी थबकलो. ऑगस्टमध्ये वाफ्यात बी टाकायचे. सप्टेंबरमध्ये रोपे शेतात लावायची. नोव्हेंबरमध्ये 'पोद्दार' नावाचा पारखी शेतात फिरे. या झाडात नर आणि मादी वेगवेगळ्या रोपांवर असतात. फुलोरा नीट दिसायच्या आतच नर रोप ओळखून उपटणे हे त्या पारख्याचे काम. त्याच्या नजरेची मजुरी मिळे. इंग्रज त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. मग जानेवारी-फेब्रुवारीत कापणी. साऱ्या वेळापत्रकाचा कणा एकच: रोपाची वाढ दिवस मोठे आहेत तोवर, आणि फुलोरा रात्री लांबल्या की. पोद्दाराला हे ठाऊक होते, पण त्याच्या दृष्टीने ती कार्तिकाची गोष्ट होती, थंडीची होती. कमिशनने साक्षीदारांना विचारले ते नशेचे, वेडाचे, गुन्ह्यांचे आणि जकातीचे. हे रोप कार्तिकाची वाट का पाहते, हा त्यांचा विषयच नव्हता.

तो विषय झाला पॅरिसमध्ये, आणि तोही जवळपास अपघाताने.

झुलियन तूर्नवा नावाचा एक तरुण वनस्पतीशास्त्रज्ञ तिथे हॉप आणि भांग या दोन वनस्पतींवर काम करत होता. त्याचा मूळ प्रश्न वेगळाच होता, या झाडांतल्या नर-मादीचा. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल. तिची एक जपानी बहीण त्याच्याकडे होती. (हॉप आणि भांग एकाच कुळातल्या. एक बिअरच्या पिंपात जाते, दुसरी चिलमीत. खानदान पाहा!) तूर्नवाने हिवाळ्यात काचेच्या उबदार घरात बी पेरले. उन्हाळ्यात हीच झाडे माणसाच्या उंचीच्या वर जातात आणि मग सावकाश फुलतात. हिवाळ्यातल्या रोपांना मात्र जेमतेम काही पाने फुटली आणि लगेच फुले आली. जणू दुधाचे दात पडायच्या आत दाढी.

काचघरात ऊब होती, पाणी होते, खत होते. मग उणे काय? तूर्नवाने एकेक कारण बाजूला सारत नेले आणि शेवटी उजेडापाशी आला. पॅरिस आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला आहे. तिथला जूनमधला दिवस सोळा तासांचा, तर डिसेंबरमधला सव्वाआठ तासांचा. त्याने रोपांना दिवसाला सहाच तास उजेड मिळेल अशी व्यवस्था केली, बाकी वेळ अंधार. रोपे लहान वयातच फुलली. १९१२ मध्ये त्याने ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९१४ च्या लेखात तो आणखी एक पाऊल पुढे गेला. ही घाई दिवस लहान झाल्यामुळे होते असे म्हणण्यापेक्षा रात्र लांबल्यामुळे होते असे म्हणावे लागेल, अशा अर्थाचे त्याने लिहिले.

या वाक्यापाशी थांबायला हवे. दिवस लहान आणि रात्र लांब, चोवीस तासांत या दोन्ही गोष्टी एकच नाहीत का? व्यवहारात एकच. पण झाड नेमके काय मोजते, उजेड की अंधार, हा प्रश्न वेगळा आहे. तो विचारणे हीच तूर्नवाची मोठी कामगिरी. तो पडताळायला त्याला वेळ मिळाला नाही. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तूर्नवा त्यात मारला गेला. भांगेच्या वाफ्यावर लागलेला शोध तिथेच अर्धवट राहिला.

पुढची गोष्ट अटलांटिकच्या पलीकडची. तिच्यातले पीक दुसरे, पण तेही नशेचेच. अमेरिकेतल्या मेरिलँडच्या तंबाखूच्या शेतात एक अजब वाण निघाले होते. ते वाढतच राही. दहा-पंधरा फूट उंच, शंभराच्या आसपास पाने, पण उन्हाळा संपला तरी फूल नाही. त्याला 'मेरिलँड मॅमथ' नाव पडले. शेतकरी खूश, कारण तंबाखूत पानालाच भाव. पण फूल नाही तर बी नाही, आणि बी नाही तर पुढच्या वर्षी काय पेरणार? अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलर्ड हे दोघे या वाणामागे लागले. थंडी पडण्याआधी काही झाडे त्यांनी काचघरात हलवली, तर नाताळच्या सुमारास त्यांना फुले! काचघरातच हिवाळ्यात लावलेली रोपे तर लहानपणीच फुलली. पॅरिसमध्ये जे हॉपचे झाले, तेच.

दोघांपुढे एक कोडे आणखी होते. 'बिलॉक्सी' जातीचे सोयाबीन त्यांनी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरून पाहिले. आधी पेरलेले आणि दोन महिन्यांनी पेरलेले, सगळे सप्टेंबरच्या आसपास जवळजवळ एकदमच फुलले. जणू सगळ्यांना एकच बांग ऐकू आली होती.

जुलै १९१८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन इथल्या सरकारी शेतावर एक साधी लाकडी खोली बांधली. तिच्यात उजेड शिरत नसे. दुपारी चार वाजता कुंड्या आत ढकलायच्या, सकाळी नऊला बाहेर काढायच्या. भर उन्हाळ्यात त्या रोपांना सातच तासांचा दिवस मिळू लागला. तंबाखू फुलला. सोयाबीन फुलले. शेजारी उघड्यावर ठेवलेली तीच रोपे हिरवीगार, नुसती वाढत राहिली. १९२० साली त्यांचा लेख आला आणि या गुणधर्माला नाव मिळाले: फोटोपिरिऑडिझम, म्हणजे उजेडाच्या कालावधीला सजीवाने दिलेला प्रतिसाद. काही झाडे 'लघुदिनी' ठरली, म्हणजे दिवस लहान झाला की फुलणारी. काही 'दीर्घदिनी', तर काहींना कशाचेच सोयरसुतक नाही, वय झाले की फुलतात. भांग पहिल्या गटातली. तिची रशियाकडची एक खुरटी जात मात्र तिसऱ्या गटात मोडते. तिथला उन्हाळा इतका तोकडा, की रात्र लांबण्याची वाट पाहिली तर बी धरण्याआधीच बर्फ येईल.

पुस्तकांत हा शोध गार्नर आणि ॲलर्ड यांच्या नावावर आहे आणि तो अन्यायाने आहे असे मी म्हणणार नाही. त्यांनी अनेक पिकांवर प्रयोग केले आणि सगळ्यांना लागू होणारा नियम मांडला. पण विज्ञानाच्या कित्येक पुस्तकांत गोष्ट सुरूच मेरिलँडच्या तंबाखूपासून होते आणि भांगेचा वाफा गाळला जातो, हे मला खटकते. तंबाखूची अब्रू तेव्हा शाबूत होती, तो सभ्य माणसांच्या खिशात असे. भांगेची नव्हती. हेच एक कारण असेल असे नाही, युद्ध आणि भाषा ही कारणे आहेतच. तरीही.

तूर्नवाचा अर्धवट प्रश्न १९३८ मध्ये सुटला. हॅमनर आणि बॉनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी कपड्यांना काटेरी बोंडे चिकटवणारे झँथियम हे तण घेतले आणि अंधाराच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला. फुले आली नाहीत. उलट दिवसाच्या मधोमध थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला त्याचे काहीच नाही. म्हणजे झाड अखंड रात्र मोजते. रात्र तुटली की मोजणी वाया. तूर्नवाने जे लिहिले ते बरोबर होते. पुढे अमेरिकेतल्याच बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेने हे काम करणारे रंगद्रव्यही १९५९ साली हाती धरले. फायटोक्रोम त्याचे नाव. ते तांबड्या प्रकाशाने एका रूपात जाते, तांबड्याच्याही पलीकडच्या प्रकाशाने परत फिरते. ते पानात असते. म्हणजे रात्र पानाला कळते आणि पान तो निरोप शेंड्याला पाठवते.

आता आपल्या शिवारात या. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी जास्वंद. पाने खरोखरच तशी दिसतात, म्हणून हे नाव. इंग्रज तिला 'डेक्कन हेम्प' म्हणत. कुळ वेगळे, नशेचा लवलेश नाही, भाजी आपण चवीने खातो. पण रात्रीचा हिशेब तिचाही तोच. वाखासाठी अंबाडी लावायची तर पेरणी पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे फुलोऱ्याआधी उंच वाढायला वेळ मिळतो. उशिरा पेरली तर ती खुरटी असतानाच फुलते आणि दोराला धागा पुरत नाही. आमच्याकडचे म्हातारे याला 'हंगाम चुकला' म्हणतात. तेच सोयाबीन, तेच मेरिलँड मॅमथ, तोच नवगावचा ऑगस्ट. तूरही याच वाटेची. मृगात पेरा की थोडी उशिरा, फुलायला ती पावसाळ्यानंतरच्या लांबणाऱ्या रात्री बघते.

आपल्याकडे दिवस-रात्रीतला फरक पॅरिसइतका नाही. सोलापूरकडचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतलाच, सर्वांत लहान अकरा तासांचा. जून महिन्यातला रोजा साधारण साडेचौदा तासांचा भरतो आणि डिसेंबरातला सव्वाबारा, कारण सहरी सूर्योदयाच्या बरीच आधी संपते. आपल्याला हा दोन तासांचा फरक भुकेने कळतो. झाडाला यापेक्षा कितीतरी लहान फरक कळतात. म्हणून दक्षिणेकडचे भांगेचे बी उत्तरेत नेले तर झाड वाढतच राहते आणि फुलायला फार उशीर करते. उत्तरेचे बी दक्षिणेत आणले तर ते वीतभर असतानाच फुलून मोकळे. त्याचे घड्याळ जन्मगावच्या रात्रींना लावलेले असते.

त्या मुलाला मी पुढच्या आठवड्यात उरलेले अर्धे उत्तर दिले. शेवंतीही लघुदिनी आहे. पॉलिहाउसवाले शेतकरी रात्री मधेच दिवे लावून तिची रात्र मोडतात, त्यामुळे दांडा लांब वाढतो, आणि पुढे काळे कापड ओढून दिवस लवकर बुजवतात, त्यामुळे ती हव्या त्या महिन्यात फुलते. म्हणजे शेवंतीही सरकते, फक्त सरकवावी लागते. तो म्हणाला, "म्हणूनच अब्बांना ती हल्ली उन्हाळ्यातपण मिळते, पण महाग." भांगेचा उल्लेख मी वर्गात केला. नाव घेतले, कुळ सांगितले, तूर्नवाचे सांगितले. दोन मुले कुजबुजली, बाकीच्यांनी लिहून घेतले.

एक गोष्ट वर्गात सांगितली नाही, ती इथे सांगतो. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची व्याख्या आहे: भांगेच्या झाडाचे फुलोरा किंवा फळ आलेले शेंडे. शेंड्यांची सोबत नसेल तर बी आणि पाने त्यातून वगळली आहेत. लागवड हा वेगळा गुन्हा आहे, तो फूल असो वा नसो. पण माल म्हणून जे मोजायचे, ते फुलोऱ्यापासून सुरू होते. म्हणजे कायद्याची रेघ तिथे ओढली आहे, जिथे रात्र झाडाला निरोप देते. एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोच्या वर 'व्यापारी' प्रमाण. व्यापारी ठरले की किमान दहा वर्षे शिक्षा आणि जामीन जवळपास अशक्य.

तुरीच्या आणि कपाशीच्या शेतात आंतरपीक म्हणून लपवलेली झाडे पकडल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत येत राहतात. फोटोत हिरवी झाडे मुळांसकट, मातीसकट उपटून रचलेली दिसतात आणि खाली वजन दिलेले असते. त्या वजनात शेंडे किती, पाने किती, देठ किती आणि ओली माती किती, हा मुद्दा न्यायालयांपुढे वारंवार येतो. तो येईपर्यंत माणूस आत असतो, बहुधा ज्याच्या नावावर सातबारा आहे तो किंवा ज्याने रोजंदारीवर पाणी दिले तो. झाड फुलले होते की नाही, हे पाहायला तिथे नवगावचा पोद्दार नसतो. पंचनाम्यात 'पाने, फुले, बिया, देठ यांसह' असे लिहिलेले असते आणि पुढे वजनाचा एकच आकडा.